गावचे लोक मुंबईत आले की बसायच्या आधीच ‘निघतो’ का म्हणतात? गावात एवढं काय काम असतं?

‘एवढं काय काम असतं’ हा सूर माझ्या चांगला ओळखीचा आहे. माझे मेहुणे, राहणार गिरगाव, प्रत्येक लग्नात आणि बारशात मला हेच ऐकवतात. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मी भांडुपला राहतो. गाव शहापूर तालुक्यात, आसनगाव स्टेशनपासून जीपने पाऊण तास आत. चुलत बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा काका पत्रिका वाटायला मुंबईत आले. माझ्या सासरी, गिरगावात पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. सासूबाईंनी पुरणाचा घाट घातलेला. काकांनी पत्रिका देवाजवळ ठेवली, अक्षता दिल्या, चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि उठले. ‘राग मानू नका विहीणबाई, म्हशीची वेळ व्हते.’ झालं! ‘म्हशीसाठी पुरणपोळी टाकून गेले’ हा विनोद तेव्हापासून चालू आहे. शिवाय वर टोमणा, ‘आमच्याकडचं पाणी गोड लागलं नाही वाटतं.’

आता तो दिवस गिरगावातून न मोजता गोठ्यातून मोजा. आमची म्हैस काकांशिवाय दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडायची नाही. काकू कासेला हात लावायला गेली की पाय झाडायची. म्हणजे पहाटेची धार काढूनच घर सोडायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत हजर. गावातून पहिली जीप सुटते ती दूधवाल्यांची. किटल्या आधी चढतात, माणसं उरलेल्या जागेत. तिथून लोकल. दादरला उतरून नात्यातल्या दोन घरी पत्रिका, मग लालबागला आत्याकडे. मग लोहार चाळ, म्हणजे विजेच्या सामानाचा बाजार, कारण पाण्याच्या मोटरचा कपॅसिटर उडाला होता आणि शहापूरला तो मिळत नव्हता. दहाच्या आत तिथलं शटर वर जात नाही, म्हणून गिरगाव शेवटी. पिशवीत कपॅसिटरखेरीज शेजारच्या आजोबांच्या बीपीच्या गोळ्या, कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं आणि वाडीतल्या एका मुलीसाठी फ्रॉकचं कापड. गावचा माणूस एका कामासाठी मुंबईची खेप करत नाही. तो निघाला हे कळलं की अर्धी वाडी दारात येते आणि ज्याचे त्याचे पैसे वेगळ्या गाठीत बांधून देते. हिशेब तोंडपाठ!

परतीचं गणित वेगळंच. कसारा लोकल म्हणजे बोरिवली नव्हे, की एक गेली तर मागून दुसरी येतेच. कल्याणच्या पुढे मेल-एक्स्प्रेसला वाट देत ती मध्येच उभी राहते, तिसऱ्या मार्गाचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे. सीएसएमटीहून आसनगावला दोन तास धरा. बाहेर जीप उभी असते, पण ती घड्याळावर सुटत नाही, सीट भरली की सुटते. दुपारी सीट भरायला तासही जातो. गिरगावात पंगतीला बसून पोळी खाल्ली असती तर धार चुकली असती, आणि धार चुकली की म्हैस रात्रभर हंबरते, कास दगडासारखी होते. हे मी मेहुण्यांना अनेकदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, ‘एक दिवस वासराला पाजायचं.’ यावर काय बोलणार?

पाण्याच्या टोमण्याचं उत्तर मात्र इथे देतो. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसा धरणाचा. भातसा आमच्या तालुक्यात, आणि तानसाही, ते तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. गोड-कडूचं आमच्याशी बोलू नका.

बाकी कामांचं थोडक्यात: उन्हाळ्यात राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करणं), पावसात आवणी (भाताची लावणी), दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी. पुढे ज्यांना पाणी आहे त्यांची भेंडी. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की शेंग जून होते आणि व्यापारी ती बाजूला काढतो. तोडताना अंगभर खाज सुटते, म्हणून बायका नवऱ्याचे जुने फुल शर्ट चढवून, हातात पायमोजे घालून उन्हात उभ्या असतात. आणि बायकांचं म्हणाल तर २०१९ मध्ये सरकारने देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. त्यात दिवस धरला होता पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार. ज्याने तो तसा धरला त्याला गाव माहीत असणार! घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. हा आकडा शहर-गाव मिळून आहे, पण आमच्या काकूला तो दाखवला तर ती म्हणेल, एवढ्यातच आटपतं कुणाचं?

प्रवासाच्या सवयी बदलतायत हेही खरं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून काकू बाजाराला स्वतः जाते, काकांच्या हाती निरोप धाडत नाही. अर्थात एसटी आली तर. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच गेला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. पण त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी. गावात प्रत्येक दारात आहे ती दुचाकीच. नागपूरच्या गाड्या भुर्रकन जाताना बघायच्या आणि आपण जुन्याच रस्त्याने खड्डे मोजत आसनगाव गाठायचं.

आता तुम्ही म्हणाल, पारावर पत्ते कुटणारे दिसतात ते कोण? आहेत. जमिनीचे पैसे आल्यावर दिवसभर मोबाइल घेऊन बसलेली पोरंही आहेत. शिवाय मी सांगतोय ते ठाणे जिल्ह्यातलं, लोकलच्या टप्प्यातलं गाव. रात्रीच्या गाडीने येणारा कोकणातला किंवा घाटावरचा पाहुणा चार दिवस राहतोही, त्याचं गणित निराळं. आणि काही जण घाई करतात ती निव्वळ तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जीव गुदमरतो म्हणून, ते तोंडावर सांगत नाहीत इतकंच.

तुमच्याकडे असं कुणी येणार असेल तर ‘बसा हो, कसली घाई’ म्हणू नका. दारातच विचारा, ‘कितीची गाडी?’ आणि त्या हिशेबाने ताट आधी वाढा, नाहीतर पोळ्या डब्यात बांधून द्या. आमच्या सासूबाई आता तेच करतात, मेहुणे काही का बोलेनात. तुम्ही गावाला जाणार असाल तर आवणीच्या दिवसांत पाहुणे म्हणून जाऊ नका, आणि निघण्याआधी फोन करून मुंबईहून काय आणायचं ते विचारा. मोटरचा पार्ट सांगितला तर जुन्याचा फोटो मागवून घ्या. तोंडी सांगितलेल्या नंबरावर दुकानदार भलताच पार्ट देतो, आणि तो बदलून आणायला पुन्हा लोहार चाळीत कोण जाणार?