लाल रंग बाजूला ठेव

तुझ्या शिल्पाचे फोटो बघितले, दोनदा बघितले. तुटक्या बाहुल्या, काटेरी तार, वरून लाल रेझिन ओघळतंय... काम सफाईचं आहे, आर्मेचरही, म्हणजे आतला सांगाडा, कुठे वाकलेलं नाही, पण खरं सांगू का, बघून मला काहीच झालं नाही. राग मानू नकोस, मी पण तुझ्या वयात किंचाळणारी डोकीच करायचो, लोक यायचे, "बापरे" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. बापरे म्हटलं की माणूस सुटतो रे.

कोलंबियाची शिल्पकार डोरिस साल्सेदो, तिचं 'अत्राबिलियारिओस' बघ. भिंतीत कोनाडे, आत बेपत्ता केलेल्या बायकांचे बूट, आणि तोंडावर गुराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा, ऑपरेशनच्या दोऱ्याने थेट भिंतीलाच शिवलाय, टाके पण कसे, ओबडधोबड. आतलं धुरकट दिसतं म्हणून आपण जवळ जातो आणि मग तिथून हलता येत नाही. रक्ताचा थेंब नाही कुठे.

जर्मन शिल्पकार काथे कोलवित्झचा मुलगा ऑक्टोबर 1914 मधे युद्धात मारला गेला. तिने केलेल्या त्याच्या स्मारकात आधी त्यालाच आडवा दाखवायचा विचार होता, मग मधेच काम सोडलं, परत धरलं, आणि 1932 ला बसवलं तेव्हा नुसते आईबाप, गुडघ्यावर. मुलगा नाहीच. बापाने स्वतःचेच हात छातीशी आवळलेत, दोघं एकमेकांना धरतही नाहीत. अठरा वर्षं लागली बाईला मुलगा काढून टाकायला!

तुझी दोन पानी कन्सेप्ट नोट वाचली, "मानवी अस्तित्वातील हिंसा" वगैरे सोडून दे. त्यात एकच वाक्य खरं आहे, बाबा रात्री ओरडायचे तेव्हा तू उशीचा कोपरा चावायचास. तेवढंच कर. ती उशी असेल तर तीच, नसेल तर दुसरी घे आणि चाव. साच्यासाठी सिलिकॉन थेट लावलंस तर कापडात शिरून बसेल, आधी व्हॅसलीनचा हात दे, पण अगदी पातळ, नाहीतर वीणच मरेल, आणि दातांचा खळगा गेला तर मग उरलं काय. त्या साच्यात ओतायचा कास्ट प्लास्टरचा, भरीव. पोकळ नको, उशी उचलायला गेलेल्याला ती जड लागली पाहिजे.

बाबांना दाखवायचं की नाही ते आत्ता ठरवू नकोस, आधी कोपरा नीट उमटू दे.