गोव्याहून पुण्याला मासे नेताना गाडीतला फ्रीज किती अंशांवर ठेवावा?

म्हापशाच्या बाजारातून इस्वण (सुरमई) आणि बांगडे घेऊन तुम्ही पुण्याला निघणार आहात. ताजे मासे असतील तर ० ते ४ अंश सेल्सिअस, गोठवलेले असतील तर उणे १८. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात.

पण त्याआधी फ्रीज कॉम्प्रेसरचा आहे ना, ते बघा. स्वस्तातले हलके डबे बहुतेक थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेले, असतात. ते बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० अंशच खाली जातात. म्हणजे मे महिन्यातल्या ३४ अंशांत आत १४ च्या खाली उतरणं कठीण. त्यात मासे ठेवू नयेत.

असाच डबा घेऊन मी चोर्ला घाटातून बेळगावला बहिणीकडे बांगडे नेले होते. बाजारातला वेळ धरून सहाएक तास झाले असतील. वास नव्हता, कल्लेही लाल होते. जेवणानंतर अर्ध्या तासात तिचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोकं ठणकू लागलं, छाती धडधडू लागली. डॉक्टर म्हणाले, हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ. बांगडा, तारली, टुना यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि मासा उबेत राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालं की तळा, शिजवा, गोठवा, ते जात नाही. ती संध्याकाळपर्यंत बरी झाली, पण तो अर्धा दिवस मी विसरलेलो नाही.

फ्रीज आदल्या रात्री घरच्या विजेवर चालू करून गार करून ठेवा. मासे आधी भरपूर बर्फात घालून पूर्ण गार करा, मगच आत ठेवा. हे छोटे फ्रीज गार वस्तू गार राखतात, उबदार वस्तू गार करायला फार वेळ घेतात. बाहेर दिसणारा आकडा फक्त सेन्सरजवळचा असतो, म्हणून एक साधा थर्मामीटर पिशव्यांच्या मधोमध ठेवा. आणि जेवायला थांबलात की बघा: पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद झालं की सॉकेटही बंद होतं. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर उघड्यावर राहिलेला मासा तासाभरानंतर खाऊ नये.

कॉम्प्रेसरचा फ्रीज नसेल तर सरळ थर्माकोलची पेटी घ्या, घट्ट बांधलेल्या पिशव्यांच्या खाली-वर बारीक बर्फ भरा, आणि वाटेत बर्फ संपत आला की नवा घाला.