वाचकांचे प्रश्न: जुने पिस्तूल घेताना भाव कसा ठरवावा?

प्रश्न: माझ्याकडे .३२ पिस्तुलाचा परवाना आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांच्या काळातले वॉल्थर पीपीके आहे. ते पाच लाख मागतात. "जर्मन आहे, आता मिळत नाही" याशिवाय दुसरे कारण ते सांगत नाहीत. हा भाव रास्त आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: "आता मिळत नाही" हे त्यांचे म्हणणे खरे आहे. खासगी परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून देशात जी विलायती पिस्तुले आहेत तीच एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरतात. म्हणून तुम्हाला सांगितलेल्या भावात दोन वाटे आहेत. पहिला वाटा टंचाईचा. तो बाजार ठरवतो आणि त्यावर घासाघीस फारशी चालत नाही. दुसरा वाटा या एका नगाच्या प्रकृतीचा. पाच लाख योग्य की अयोग्य, हे त्या दुसऱ्या वाट्यावरच ठरेल.

टंचाईचा वाटा काढायला दोन आकडे लागतात. आपल्याकडच्या आयुध कारखान्याच्या नव्या .३२ पिस्तुलाची आजची करासह किंमत विचारून घ्या. हा तुमचा पाया. मग वेगवेगळ्या शहरांतल्या दोन-तीन परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांना विचारा, की गेल्या वर्षभरात पीपीके प्रत्यक्षात कितीला गेले. मागितलेले भाव लिहून घेऊ नका, झालेले सौदे तेवढे घ्या. कोणी कितीही मागू शकतो, आणि पाच लाखांसारखा गोल आकडा बहुधा मागणीचाच असतो.

आता नग तपासा. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करा आणि तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. मूळ मालकासमोर, त्याच्या परवानगीनेच हे करायचे.

सर्वांत आधी नळी. पीपीकेची नळी सांगाड्यात पक्की बसवलेली असते, कोल्ट १९०३ किंवा एफएन १९१० सारखी फिरवून बाहेर निघत नाही. त्यामुळे ती खराब असेल तर घरच्या घरी बदलण्याचा प्रश्नच नाही, आणि इथे सुटी मूळ नळी मिळणेही दुरापास्त. मागून उजेड टाकून तोंडाकडून आत बघा. नळीच्या आतले पिळदार आटे कडेला धारदार दिसले पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधल्या (ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या) क्षारांनी नळीला गंज चढतो. बारीक काळे ठिपके असतील तर थोडा भाव पाडा. खोल खड्डे असतील तर सरळ परत या. नळीत एखादी काळसर गोल कडी दिसली, तर कधीतरी आत अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी सुटून नळी फुगली आहे. असे पिस्तूल फुकट मिळाले तरी वापरू नये.

त्यानंतर सेफ्टी. एक साधी पेन्सिल रबराची बाजू खाली करून नळीत सोडा, तोंड वर. घोडा चढवून सेफ्टीचा खटका खाली करा. घोडा पडेल, पण पेन्सिल हलता कामा नये. हलली तर सेफ्टीचा आतला भाग झिजला आहे आणि घोड्याचा ठोका काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनपर्यंत पोचतो आहे. मग खटका वर करून चाप ओढा. आता पेन्सिल उडालीच पाहिजे. घोडा न चढवता नुसता चाप ओढूनही तो पूर्ण मागे जाऊन सुटला पाहिजे. स्लाइड हाताने हळूच पुढे सोडली आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बंद व्हायला कुंथली, तर स्प्रिंग थकलेली किंवा जुने तेल घट्ट झालेले. हे किरकोळ दुखणे आहे, त्यासाठी सौदा मोडू नका. काडतूस बाहेर पडते त्या खिडकीच्या कोपऱ्यांत स्लाइडला केसासारखी चीर आहे का, हे मात्र भिंग लावून बघा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पीपीकेची मूठ एकाच तुकड्याची, दोन्ही बाजूंनी वेढणारी असते. जुने प्लॅस्टिक स्क्रूजवळ तडकते. मूळ मूठ आणि मूळ मॅगझिन (.३२ पीपीकेत ७ काडतुसे) असतील तर त्यांचे पैसे द्यायला हरकत नाही. एकच मॅगझिन असेल आणि तेही नकली, तर आमच्या मते प्रकृतीच्या वाट्यातला चौथा हिस्सा तरी कमी झाला पाहिजे. मॅगझिनचे ओठ वाकले की पिस्तूल अडकते, आणि दोष उगाच पिस्तुलावर येतो.

वयाचा दावा ठशांवरून पडताळता येतो. स्लाइडवर त्सेला-मेलिस गावाचे नाव आणि मुकुटाखाली एन असा चाचणीचा ठसा असेल, तर पिस्तूल युद्धापूर्वीचे किंवा युद्धाच्या अगदी सुरुवातीचे. १९४० पासून मुकुटाच्या जागी गरुड आला. उल्म गावाचे नाव आणि सांबरशिंगाचा ठसा असेल तर ते युद्धोत्तर. युद्धानंतर कित्येक वर्षे ही पिस्तुले फ्रान्समध्ये मानुराँ कंपनीने बनवली, म्हणून नुसत्या "जर्मन" शब्दावर विसंबू नका. फ्रान्समधले नग उत्तम आहेत, पण त्यांना १९३५ च्या नगाचा भाव देऊ नये.

कागद शेवटी लिहितो आहोत, पण बघायचे आधी. "वडिलांच्या काळातले" पिस्तूल विक्रेत्याच्या स्वतःच्या परवान्यावर चढलेले आहे का? नसेल तर त्याला ते विकताच येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार खासगी विक्रीची लेखी सूचना, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह, जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावी लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. तोवर पूर्ण रक्कम हाती देऊ नका. क्रमांक खोडलेला किंवा घासलेला असेल तर भावाची चर्चाच थांबवा, तो गुन्हा आहे.

प्रश्न: कोल्ट १९०३ वर चकचकीत निकेल आहे. विक्रेता म्हणतो कंपनीचे आहे आणि मॉडेल दुर्मीळ आहे. (नाशिक)

उत्तर: दुर्मीळ नाही. १९०३ ते १९४५ या काळात .३२ बोअरमध्येच साडेपाच लाखांहून अधिक नग बनले. कंपनी निकेलही देत असे, पण आपल्याकडचे बरेचसे निकेल गंज झाकायला नंतर चढवलेले असते. स्लाइडवरची अक्षरे आणि कंपनीचे उधळत्या घोड्याचे चिन्ह बघा. मूळ कामात त्यांच्या कडा टोकदार असतात, घासून मुलामा दिल्यावर त्या विरघळल्यासारख्या होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. मुठीच्या पट्ट्या काढायला सांगा. निकेलखाली गंजाचे खड्डे दिसले की प्रश्न मिटला. कोल्टच्या अभिलेखागारातून शुल्क भरून त्या क्रमांकाचा दाखला मागवता येतो, त्यात मूळ मुलाम्याची नोंद सापडू शकते. नंतरचा मुलामा असेल तर हे वापरायचे पिस्तूल समजा आणि संग्राहकाचा भाव देऊ नका. वापरासाठी ते चांगलेच आहे.

प्रश्न: घरात .३२ रिव्हॉल्वरची काडतुसे आहेत. ती पिस्तुलात चालतील का?

उत्तर: नाही. रिव्हॉल्वरचे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लांब आणि कडेवाले असते. पिस्तुलाचे .३२ एसीपी आखूड, १७ मिमी कवचाचे. नुसते "पॉइंट बत्तीस" म्हणून खरेदी करू नका.

प्रश्न: मी ह्यूस्टनला राहतो. १९३६ चे ल्यूगर पी०८ "सर्व क्रमांक जुळणारे" म्हणून विकायला आहे. भाव कसा पडताळू?

उत्तर: ल्यूगरच्या लहान भागांवर मुख्य क्रमांकाचे शेवटचे दोन अंक असतात. चाप, सेफ्टीचा खटका, साइड प्लेट, टॉगलचे (वरच्या गुडघ्यासारख्या सांध्याचे) भाग, सगळे उघडून वाचा. एक-दोन भाग वेगळे निघाले तरी संग्राहकाच्या दृष्टीने किंमत मोठ्या प्रमाणात उतरते. मॅगझिनवरही तोच क्रमांक असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रंगातही पुरावा आहे. माउझरने १९३७ पर्यंत चाप, सेफ्टीचा खटका अशा लहान भागांना गवती पिवळा रंग ठेवला, नंतर तेही निळे झाले. म्हणून १९३६ च्या नगात हे भाग निळे असतील तर बहुधा नंतर मुलामा दिला आहे. उलट १९४० च्या नगात ते पिवळे असतील तर कोणीतरी सजवले आहे.

लिलावातल्या संपलेल्या बोलींवरून भाव काढा आणि त्यात खरेदीदाराचा अधिभार, विक्रीकर आणि परवानाधारक दुकानातले हस्तांतर शुल्क मिळवा. ५० वर्षांहून जुन्या हत्यारांसाठी संग्राहकाचा संघीय परवाना ३० डॉलरना ३ वर्षांसाठी मिळतो. तुम्ही एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने शिकारीच्या परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडता पिस्तूल बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड असल्यास ही अडचण नाही. त्यामुळे भाव विचारायच्या आधी व्हिसा बघा.