ग्रहणात कांदा चिरला म्हणून बाळाच्या पायाला खाच पडते का?

जन्मतःच हातापायावर आवळपट्टा, म्हणजे दोरीनं आवळल्यासारखी खोल खाच, असलेलं बाळ घेऊन कुटुंब आलं, की हा प्रश्न बहुतेक वेळा येतोच. वैशालीनं (नाव बदललं आहे) तो विचारलाच नाही. सासूबाईच बोलल्या, "गिराण लागलं तवा हिनं कांदा चिरला, दुसरं काय!" वैशाली मान खाली घालून दुपटं सारखं करत राहिली.

बाळ पाच महिन्यांचं. डाव्या घोट्याच्या जरा वर पायाला वेढा घालून गेलेली खोल खाच आणि तिच्याखाली सुजून टरटरलेलं पाऊल. त्याच पायात दृष्टीचा काळा दोरा, तोही सुजेत रुतू लागलेला. तो मी आधी कापायला लावला. दोरा हवाच असेल तर कमरेला सैल बांधा, या पायाला नको.

ऑपरेशनची तारीख मिळूनही ही मंडळी आली नव्हती. का, ते वैशाली एकटी भेटल्यावर कळलं. "माझ्यामुळंच झालंय मॅडम, मी कुठल्या तोंडानं ऑपरेशन करा म्हणू?" अपराधीपणानं उपचार लांबतात ते असे. म्हणून मी ऑपरेशनचं नंतर बोलते, आधी हे.

गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचं आतलं पातळ आवरण फाटतं आणि त्याचे तंतू गर्भाच्या हातापायाला गुंडाळले जातात, असं 1965 साली प्रसूतितज्ज्ञ टॉर्पिन यांनी मांडलं. गर्भाची घडण होतानाच त्या जागी बिघाड होतो, असं त्याआधी, 1930 साली, गर्भाच्या वाढीचे अभ्यासक स्ट्रीटर यांचं म्हणणं होतं. मतं दोन आहेत, पण आईच्या विळीला दोन्हीत जागा नाही. हे मी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. सुनेला खासगीत धीर देऊन घरातला दोष उतरत नाही.

मग त्यांची खरी भीती बाहेर आली: "एवढ्याशा जिवाला भूल सोसंल का?" लहान मुलांच्या भूलतज्ज्ञांचं हे रोजचं काम आहे. अंगावरचं दूध किती तास आधी थांबवायचं, ते तेच सांगतात आणि ते काटेकोर पाळायचं.

ऑपरेशनमध्ये खाचेतली आवळलेली कातडी आणि तिच्याखालचा चिवट पट्टा काढून टाकतात. कडा सरळ गोल शिवल्या तर व्रण आकसून पुन्हा आवळेल, म्हणून टाके नागमोडी घेतात. डॉक्टर त्याला झेड-प्लास्टी म्हणतात. काही सर्जन अर्धा वेढा आधी आणि उरलेला काही आठवड्यांनी सोडवतात, काही एकाच वेळी. सूज हळूहळू उतरते, कधी थोडी राहतेही. गर्भातच झडलेली बोटं मात्र परत येत नाहीत, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. खाचेखालचा भाग निळा-काळा किंवा गार पडला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वैशालीच्या बाळाचं ऑपरेशन झालं. टाके काढायला सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या खेपेला?" हा दोष सहसा आनुवंशिक नसतो, पुढच्या बाळाला होण्याची शक्यता फारच कमी असते. पुढच्या गरोदरपणात सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना हे आठवणीनं सांगा, असं मी दोघींना सांगितलं.