ओटीपोटाच्या दुखण्यावर यंत्र बसवावं का?

प्रश्न : माझं वय ३८. एन्डोमेट्रिऑसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची शस्त्रक्रिया झाली, हार्मोनच्या गोळ्याही झाल्या. आता सोनोग्राफीत काही सापडत नाही, पण ओटीपोटाचं दुखणं काही केल्या थांबत नाही. जरा बसलं की खाली निखारा ठेवल्यासारखं जळतं, सारखी लघवीला लागते, शरीरसंबंध तर नकोसेच झालेत. डॉक्टर कंबरेत नसांना सौम्य करंट देणारं यंत्र बसवू म्हणतात. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत तर कशाला? याने दुखणं कायमचं जाईल का?

उत्तर : ताई, आधी घरच्यांचं बघू. सोनोग्राफीत गाठ दिसते, ठणकणारी नस दिसत नाही. दुखणं सहा महिन्यांच्या वर रेंगाळलं की मूळ आजार आवरला तरी मज्जासंस्था कळ पाठवतच राहू शकते. त्यांना हे वाचायला द्या.

कायमचं जाईल, असं मी म्हणणार नाही. यंत्र आजार बरा करत नाही, मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांत फेरफार करतं. दुखणं निम्म्यावर आलं तरी डॉक्टर त्याला यश म्हणतात. शिवाय अमेरिकेत १९९७ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली ती लघवीच्या तक्रारीसाठी, निव्वळ दुखण्यासाठी नव्हे. तुम्हाला लघवीचाही त्रास आहे, ही यंत्राच्या बाजूची गोष्ट.

पण त्याआधी मला सांगा, कमोडवर बसल्यावर जळजळ कमी होते का? होत असेल तर प्युडेंडल नसेवर, म्हणजे योनी-गुदद्वाराच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसेवर संशय घ्यायला जागा आहे, आणि तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन खात्री करता येते. दुसरं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कुणी बोटाने दाबून तपासलेत का? ते आखडलेले असले तर फिजिओथेरपीने पुष्कळ फरक पडतो. ही साधी तपासणी न होताच थेट यंत्रापर्यंत पोचलेल्या बायका मी पाहते, आणि चिडते.

एवढं होऊनही दुखतच असेल, तर यंत्राची चाचणी जरूर करून घ्या. या उपचारात मला सगळ्यात आवडतं ते हेच, की आधी वापरून बघता येतं. पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि एक्स-रेवर बघत माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या छिद्रातून बारीक तार नसेपाशी नेतात. नस सापडली की पायाचा अंगठा आपोआप वाकतो. तुम्ही जाग्या असाल तर झिणझिण्या कुठे येतात ते विचारतील. योनी किंवा गुदद्वाराच्या आसपास येत असतील तर तसंच सांगा, तिथे लाजून चालत नाही. मग बाहेरचं छोटं यंत्र कमरेला लावून साधारण एक-दोन आठवडे घरी पाठवतात.

त्या दिवसांत पट्टी भिजू देऊ नका. वाकणं, पिळवटणं, ओझं उचलणं टाळा, नाहीतर तार सरकते. बाकी रोजचं चालू ठेवा. दिवसभर पडून राहिलात तर फरक कळणार कशाने? वहीत लिहा : सलग किती वेळ बसता आलं, रात्री किती वेळा उठावं लागलं, गोळ्या किती घेतल्या. ही नोंद चाचणीच्या आठवडाभर आधीपासूनच सुरू करा. आणि डॉक्टरांचं मन राखायला "बरंय" म्हणू नका, आपल्याला ती खोड असते. फरक निम्म्याहून कमी असेल तर तार काढून टाकतात, विषय संपला.

फरक पडला तर बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. चार्जिंगची घ्यायची की बिनचार्जिंगची, हे विचारून घ्या. जंतुसंसर्ग, तार सरकणं, बॅटरीच्या जागी दुखणं असं होऊ शकतं आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मूल हवं असेल तर आत्ताच सांगा, गरोदरपणात यंत्र सहसा बंद ठेवतात. सगळ्या मॉडेलांना एमआरआय चालत नाही. फिजिओथेरपीतला डायाथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींनी आतपर्यंत उष्णता पोचवणारा शेक तर मुळीच घ्यायचा नाही, म्हणून यंत्राचं कार्ड कायम पर्समध्ये असू द्या.