तुटलेला तुकडा लगेच ओढू नका

वाचकांचे प्रश्न : गाडीची देखभाल

प्रश्न : वाशी स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून किल्ली काढत होतो, तेवढ्यात ती मुठीपाशी तुटली. पातं आतच आहे, मिलिमीटरभर टोक बाहेर दिसतं. तिथल्या एकाने टोकाला फेविक्विक लावून ओढायला सांगितलं. लावू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : मुळीच नको. इग्निशनच्या बॅरलमध्ये, म्हणजे किल्ली घालतो त्या फिरणाऱ्या नळकांड्यात, बारीक पत्र्यांची ओळ असते, कारागीर त्यांना वेफर म्हणतात. प्रत्येक पत्रीला एक नाजूक स्प्रिंग. फेविक्विक तुकड्यापाशी थांबत नाही, पत्र्यांत उतरतं, आणि थोडक्यात सुटणारं काम बॅरल बदलण्यावर जातं. चुंबकाचाही उपयोग नाही. बहुतेक किल्ल्या पितळेच्या असतात, वरची चकाकी निकेलच्या मुलाम्याची.

आधी टॉर्च लावून तुकडा कुठल्या खुणेवर अडकलाय ते पाहा. बॅरलभोवती लॉक, एसीसी, ऑन, स्टार्ट असं लिहिलेलं असतं आणि किल्ली फक्त लॉकवर सुटते. तिथे पत्र्या वरखाली हलायला मोकळ्या असतात, ओढलेल्या किल्लीच्या खाचांवरून त्या चढतात आणि वाट देतात. एसीसी किंवा ऑनवर बॅरल फिरलेला असतो, बाहेरचं कवच पत्र्यांना हलूच देत नाही. अशा वेळी पकडीने जोर लावला की तुकडा तिथेच राहतो आणि हातात येते ती फक्त सोलपटलेली कड. लॉकपासून जरासं अलीकडे राहिलं तरी हीच अडचण होते, म्हणून अंदाजावर जाऊ नका.

फिरवायचा झाला तर हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर हवी, नाहीतर लॉकपर्यंत बॅरल फिरतच नाही. चपट्या पेचकसाचं टोक तुकड्याच्या तुटक्या कडेवर सपाट टेकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. बऱ्याच गाड्यांत एसीसीवरून लॉकवर येताना किल्ली आत दाबावी लागते. अख्खी किल्ली हातात असताना हे आपण नकळत करतो, तुकड्याच्या वेळी मात्र नेमकं विसरतो.

मग ग्रॅफाइट पावडर चिमूटभर, किंवा सिलिकॉन स्प्रेचा एकच छोटा फवारा. पाच मिनिटं थांबा. टोक बाहेर आहे म्हणता, तर बारीक तोंडाच्या नोज प्लायरने धरून सरळ रेषेत ओढा, ओढताना वरखाली अगदी किंचित हलवा. जाड तोंडाची पकड टोक धरायच्या आधीच ते आत ढकलते. तोंडाशी धूळ अडवणारी स्प्रिंगची झडप असेल, तर ती पातळ पत्र्याच्या पट्टीने बाजूला धरून ठेवा, नाहीतर ती तुकड्यावर दाबून बसते.

धरायला काहीच उरलं नसेल, तर नक्षीकामाच्या बारीक करवतीचं पातं वापरा. दातांची टोकं तुमच्याकडे वळलेली हवीत. तुकड्याच्या खाचांच्या कडेने पातं आत सरकवा, किंचित पिळा म्हणजे दात पितळेत रुततील, आणि हळू ओढा. तुकडा एकदम निघत नाही, एकेक खाच पुढे सरकतो. दोन्ही कडांना एकेक पातं लावलं तर पकड चांगली बसते. खाचा कडेला नसून सपाट बाजूला नागमोडी कोरलेल्या असतील, तर कडा गुळगुळीत असल्याने दात रुतत नाहीत. ते काम किल्लीवाल्याकडेच द्या.

पंधरा मिनिटांत जमलं नाही तर हात थांबवा. किल्लीवाल्याला फोनवरच विचारा, तुकडा हुकाने काढणार की बॅरल फोडणार? ‘आल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला बोलावू नका. गाडीची आरसी जवळ ठेवा. जो ती मागतो, तो कारागीर भरवशाचा.

प्रश्न : घोडबंदर रोडवर गाडी कडेला उभी होती. सुरू करताना किल्ली फिरेना, जोर लावला तर तुटली. स्टिअरिंगही हलत नाही. टो करून न्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चाकं वळलेली ठेवून गाडी बंद केली, की स्टिअरिंग लॉकचा खिळा खाचेत दाबून बसतो आणि सगळा भार बॅरलवर येतो. डाव्या हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला थोडं सैल लागतं तिकडे हलवत ठेवायचं आणि त्याच वेळी किल्ली फिरवायची; ती दोन बोटांनी फिरते. जोर लावायची वेळ आली, की चूक स्टिअरिंगची समजायची, किल्लीची नाही.

तुमचा तुकडा लॉकवरच आहे, त्यामुळे निघणं सोपं. टो करायचीच झाली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, स्टिअरिंग लॉक असताना ती वळत नाहीत. गाडी पूर्ण वर चढवणारा टेम्पोच मागवा.

प्रश्न : तुकडा निघाला. दोन्ही भाग जोडून नवी किल्ली कापून घेतली. ती फिरते, पण इंजिन दोन सेकंदांत बंद पडतं.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : कापणी बरोबर आहे, चिप नाही. जुन्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी किल्लीवर इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप असते आणि बॅरलभोवतीची कॉइल ती वाचते. जुनी मूठ बॅरलला चिकटवून धरा आणि नवी किल्ली फिरवा; इंजिन चालू राहिलं तर शंका मिटली. ती चिप नव्या मुठीत बसवून घ्या, किंवा नवी चिप गाडीशी जुळवून घ्या. गाडी घेताना किल्लीसोबत नंबराची छोटी धातूची पट्टी मिळाली असेल तर शोधा. तिच्यावरून मूळ मापाची किल्ली कापता येते. झिजलेल्या किल्लीवरून कापलेली किल्ली तीच झीज घेऊन येते.

प्रश्न : खाडीच्या दमट हवेने बॅरल जड फिरतो. खोबरेल तेल सोडलं तर?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. तेलावर धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि पत्र्या चिकटतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वर्षातून दोनदा ग्रॅफाइट पावडर द्या. किल्लीच्या मानेशी, पातं मुठीत शिरतं तिथे, नख फिरवून पाहा. नखाला चीर लागली तर ती किल्ली त्याच दिवसापासून वापरातून काढा. आणि त्याच कडीत घराच्या, कपाटाच्या, स्कूटरच्या किल्ल्या लटकत असतील तर त्या वेगळ्या करा. प्रत्येक खड्ड्यात तो जुडगा त्याच मानेवर झोके घेतो.