शिळा पाव आणि अंडी घरात आहेत, काय करता येईल? भुर्जीच्या गाड्यांवर असाच शिळा पाव कुस्करून घालतात, हे खरं का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. चौदा वर्षं मी आणि माझा थोरला भाऊ डोंबिवली स्टेशनबाहेर भुर्जी-पावची गाडी लावत होतो. बाकीच्यांचं मी सांगत नाही, पण आमच्या गाडीवर कालचा पाव गिऱ्हाइकाच्या ताटलीत एकदाही गेला नाही. भुर्जीत पाव कुस्करून वजन वाढवलं तर खाणाऱ्याला पहिल्याच घासाला कळतं. अंड्याचे दाणे सुटे राहत नाहीत, सगळं पिठूळ लागतं. रोजचं गिऱ्हाईक असं फसवून टिकत नाही.

पाव उरायचा मात्र. श्रावण लागला की अंड्याचा धंदा निम्म्यावर यायचा, संकष्टीलाही तेच. पाववाल्याला लाद्या कमी सांगायला विसरलो की रात्री पिशवीभर पाव शिल्लक. बेकरीवाला परत घ्यायचा नाही. तो पाव मी वेगळा बांधून घरी न्यायचो, आईसाठी.

एका श्रावणातल्या सोमवारी पिशवी न्यायची राहिली. मंगळवारी संध्याकाळी गाडीला सात-आठ माणसं उभी होती. एक गृहस्थ खाली पडलेली नाणी उचलायला वाकले आणि गाडीखालच्या फळीवरची पिशवी त्यांना दिसली. त्यांनी आत बोट घालून पाव दाबला. दगडासारखा. "हे खायला घालता होय आम्हाला?" एवढ्या मोठ्याने बोलले की दोघांनी हातातली ताटली तिथेच ठेवली. मी ताजी लादी दाखवायला उचलली, तळ अजून कोमट होता. पण तोवर दादाने एक शब्द न बोलता पिशवी घेतली आणि गटारात उलटी केली. बावीस पाव होते. मी मोजून बांधले होते.

रात्री घरी आमचं जोरात वाजलं. दादा म्हणाला, शिळं ते शिळं, चार पैशांसाठी इज्जत घालवू नकोस. हे वाक्य त्यानंतर मी कितीदा ऐकलं असेन. आई मधे पडली नाही. तिने कांदा चिरून ठेवला होता, तो तसाच झाकून ठेवला.

म्हणून सांगतो, शिळा म्हणजे खराब नव्हे. पाव कडक होतो तो नुसता वाळून नाही. भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होत जातो. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर होतं, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. ठेवायचाच असेल तर फ्रीझरमध्ये. आणि गरम केला की तोच पाव बराचसा परत मऊ पडतो. तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, दोन मिनिटांत कळेल.

आईचा कुस्करा असा. चार पावांना तीन अंडी. पाव हाताने तोडायचे, नखाएवढे तुकडे, चुरा नाही. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ते हलवत राहायचं, कडा कुरकुरीत होऊन उलथण्याला लागून वाजायला लागेपर्यंत, मग बाजूला काढायचे. त्याच तव्यात तेल, कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटलं की अंडी फोडायची. अंडं अर्धवट धरलं, अजून ओलं चमकतंय, त्या क्षणी पाव घालायचा. उरलेला ओलावा पाव ओढून घेतो, आतून मऊ आणि वरून खरपूस राहतो. दोन मिनिटं परतून अंडं पूर्ण शिजू द्या. दादा पाव आधी मसाल्यात घालतो आणि त्यावर अंडी ओततो, म्हणून त्याच्याकडे लगदा होतो. मग म्हणतो शिळ्या पावाला चव नाही.

गोड हवं असेल तर कालचा स्लाइस ब्रेडच घ्या. दोन अंडी, अर्धी वाटी दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर वेलची, एवढ्यात चार स्लाइस होतात. शिळा ब्रेड एका बाजूला अर्धा मिनिट भिजला तरी उचलताना तुटत नाही. ताजा ब्रेड तेवढ्यात हातात येतो. आच मंदच ठेवा, नाहीतर वरून करपतो आणि मधे कच्चं अंडं राहतं. माझी वहिनी मुलांसाठी मुद्दाम ताजा मिल्क ब्रेड आणून हे करायची आणि दरवेळी तव्यावरून खरवडून काढायची. मी तीनदा सांगितलं असेल.

दादाची एक गोष्ट मला मान्य आहे. ती पिशवी गाडीवर असायला नको होती. खाणारा माणूस आत डोकावून खरं-खोटं करत बसत नाही, त्याला दिसलं तेच खरं. त्या मंगळवारनंतर उरलेला पाव मी त्याच रात्री घरी नेला, एकदाही चुकलो नाही. पण ते बावीस पाव गटारात जायला नको होते, हे मी आजही त्याच्या तोंडावर म्हणतो.

बुरशीचं राहिलं. हिरवा-काळा एक ठिपका दिसला तरी तो पाव टाका, तेवढाच भाग काढून खाऊ नका, कारण मऊ पावात बुरशीचे धागे न दिसता आतपर्यंत गेलेले असतात. आंबूस वास आला तरी तेच. पावसाळ्यात लादी तिसऱ्या दिवशी उजेडात धरून बघा, तळाच्या बाजूने. आई तशी एकेक पाव खिडकीशी नेऊन बघायची.